पट्टीच्या बाजूला

ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी.

मला झोपेतून उठवलं तरी एवढं म्हणता येतं. याच्या खालच्या ओळीही येतात, पण त्या म्हणताना मी मुद्दाम अडखळतो, डोळा बारीक करतो, एखाद्या अक्षराला ‘एफ... नाही, पी’ असं करतो. धाडधाड म्हणून दाखवलं तर डॉक्टरला संशय येतो. चाकणच्या एका कंपनीत मी बारा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो, म्हणजे तयार झालेला पार्ट बाहेर जाण्याआधी शेवटचा बघणारा माणूस. आणि बारा वर्षं दर मेडिकलला माझा डावा डोळा असाच पास होत आला.

डावा डोळा माझा लहानपणापासून मंद आहे. बाहेरून बघाल तर काही कळणार नाही. उजव्या डोळ्यानं मात्र मला केसाएवढी चीर दिसते. भीमराजच्या हातून खराब पीस सुटत नाही असं लाइनवरची पोरं म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. एका डोळ्यात काम भागतंय तर दोन कशाला, असं माझं मत. पण कंपनीच्या कागदावर दोन डोळे लागतात. कंपनीच्या दवाखान्यातला तक्ता वर्षानुवर्षं तोच, भिंतीवरचा खिळाही तोच. मग पाठ करून टाकला.

मेडिकल जवळ आलं की मी घरी उजळणी करायचो. आरशासमोर उभं राहायचं, उजव्या डोळ्यावर हात ठेवायचा आणि सुरू करायचं. माझी मुलगी मैत्री तेव्हा पाचेक वर्षांची होती. ती शेजारी येऊन उभी राहायची, तिचा हात तिच्या डोळ्यावर, आणि माझ्यामागून म्हणायची, आम्ही घरात वंदना म्हणतो त्याच संथ चालीत. माझी बायको नेहा चपात्या लाटता लाटता हसायची. ती नर्स आहे. अहो, काय शिकवताय पोरीला, म्हणायची. मी म्हणायचो, इंग्रजी शिकवतोय, फुकटात. त्या खोलीत आम्ही तिघं मिळून हसलो ते बहुतेक याच गोष्टीवर. म्हणून ती उजळणी मला इतकी आवडायची.

मग नेहा मस्कतला गेली. मोशीत घर घ्यायचं ठरलं होतं आणि तिथल्या हॉस्पिटलात दोन वर्षांचं काम मिळत होतं. दोघांनी बसून विचार करून ठरवलेलं, कोणी कोणावर लादलेलं नाही. तरी विमानतळावरून परत आल्यावर खोलीचं कुलूप उघडताना माझा हात थांबला होता. मैत्री माझ्या खांद्यावर झोपली होती आणि आत जाऊन लाइट लावायला कोणी नव्हतं.

आम्ही राहतो कुरुळीत, शालनबाईंच्या चाळीत. शालनबाई मूळच्या गावातल्या. बरीचशी जमीन कंपन्यांकडे गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या आणि दारात खुर्ची टाकून बसल्या, त्या अजून बसल्यात. मी कामावर असलो की मैत्री त्यांच्या नजरेखाली. एक आठवडा माझी पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मला मैत्री फक्त सकाळी वेणी घालण्यापुरती भेटायची. मी निघायच्या वेळी ती शाळेतून येऊन शालनबाईंकडे जेवत असायची, आणि मी परतायचो तेव्हा झोपलेली. एका घरात राहून आम्ही एकमेकांना निरोप ठेवायचो. तिचा कंपास कुठं पडलाय, दूध प्यायलंय की नाही, यावरून मी तिचा दिवस कसा गेला ते ओळखायचो. फार एकटं वाटायचं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण ज्याला सांगायचं ते माणूस मस्कतला होतं आणि तिथं तिला आमच्यापेक्षा जास्त एकटं वाटत असणार हे मला माहीत होतं.

नेहाचा फोन रोज संध्याकाळी सहाला यायचा, मी कामावर असलो की शालनबाईंच्या मोबाइलवर. तिकडे साडेचार वाजलेले असायचे, ती ड्युटीवरून नुकतीच खोलीवर आलेली असायची, पांढऱ्या ड्रेसमध्येच. व्हिडिओवर मैत्री फोन कायम उजव्या बाजूला धरायची आणि मान वळवून बोलायची. एकदा नेहा म्हणाली, मैत्री मला नेहमी अर्धीच का दिसते हो? मी म्हणालो, स्टाइल मारते. मग तिनं नर्सच्या आवाजात विचारलं की डोळे तपासलेत का. मी म्हणालो, शाळेत शिबिर झालं, दोन्ही डोळे चांगले आहेत, कार्डावर लिहून दिलंय. कार्ड मी कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यावर तसंच लिहिलेलं होतं.

बाकीच्या खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मैत्री तांब्यातून पाणी ओतायची तर निम्मं ग्लासाबाहेर. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. चेंडू टाकला की चेंडू एकीकडे आणि हात दुसरीकडे. मी तिला धांदरट म्हणायचो, दोन-चारदा चांगला ओरडलोही. कंपनीत दिवसाला हजार पीस बघणारा मी. पीसवर डाग दिसला तर का पडला हे शोधल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पोरीच्या बाबतीत मी नुसता ओरडलो.

कळलं ते शालनबाईंच्या चष्म्यामुळे. त्यांच्या चष्म्याची काडी निखळली होती. सुट्टीच्या दिवशी तो घेऊन मी मोशीला गेलो, मैत्रीला गाडीवर पुढे बसवून. रस्त्यालगतच्या नव्या बिल्डिंगखाली निरंजनचं चष्म्याचं दुकान आहे. पोरगा शिकलेला, डोळे तपासायची खुर्ची वगैरे आहे. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. काडीचा स्क्रू बसवून झाल्यावर त्यानं मैत्रीला गंमत म्हणून खुर्चीत बसवलं. समोरचा तक्ता मराठी अक्षरांचा होता. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिनं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मराठी वाचनात ती वर्गात पहिली, मी जरा छाती फुगवून उभा राहिलो.

मग निरंजननं तिच्या उजव्या डोळ्यावर काळी टोपी धरली आणि म्हणाला, आता वाच.

मैत्री ताठ बसली. मग सुरू झाली.

“ई. एफ, पी. टी, ओ, झेड.”

निरंजन हसला. अगं, मराठी आहे, म्हणाला. ती थांबली नाही. एल, पी, ई, डी. त्याच चालीत, पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ. निरंजनचं हसू हळूहळू गेलं आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत होतो.

“असं का म्हणतेस गं?” त्यानं विचारलं.

“डोळा झाकला की असंच म्हणायचं असतं,” मैत्री म्हणाली. “पप्पा म्हणतात ना.”

तिनं कोणाला फसवलं नव्हतं. शाळेच्या शिबिरातही ती हेच म्हणाली असणार, आणि तिथला तक्ता नेमका इंग्रजी. उजव्या डोळ्यावर हात गेला की अंधार होतो आणि अंधारात हे म्हणायचं असतं, एवढंच तिला माहीत होतं. सगळ्यांनाच तसं होतं असं ती धरून चालली होती.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून तिला पिंपरीला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, घाई न करणाऱ्या. डोळ्यांत थेंब घालून दोन तास बसवलं, मग तपासलं. डाव्या डोळ्याला बराच मोठा नंबर होता. पण नुसता चष्मा लावून भागणार नव्हतं, कारण इतकी वर्षं तिकडून धड चित्र येत नाही म्हणून मेंदूनं तिकडे लक्ष देणंच सोडून दिलं होतं. त्या म्हणाल्या, वर्गात एक हुशार पोर सगळी उत्तरं देत सुटलं की शेजारचं गप्प बसायला शिकतं. त्याला बोलतं करायचं तर हुशार पोराला थोडा वेळ वर्गाबाहेर उभं करायचं. म्हणजे रोज चार तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, वर चष्मा, आणि मंद डोळ्याकडून बारीक काम करून घ्यायचं.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाचा डोळा असा आहे का. माझा, असं मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हे डॉक्टरला सांगत होतो. त्यांनी मलाही खुर्चीत बसवलं.

“तुमचा आता सुधारायचा नाही,” त्या म्हणाल्या. “लहानपणी कोणी बघितला नाही. तिला सातवं वर्ष आहे, तिचा अजून आपल्या हातात आहे. पण पट्टी नेमानं लागली पाहिजे. हयगय केलीत तर तिचाही तुमच्यासारखाच राहील.”

परत येताना गाडीवर मैत्री विचारत होती की पट्टीवर चित्र असतं का. मी हो म्हणालो. नाशिक रस्त्याला नेहमीची गर्दी होती आणि मला मागून येणारे ट्रक डाव्या बाजूनं नीट दिसत नव्हते, जसे कधीच दिसत नव्हते. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

चष्मा निरंजनकडेच केला. मैत्रीनं जांभळी फ्रेम निवडली. चष्मा कसा सांभाळायचा हे त्यानं तिला मोठ्या माणसाला सांगावं तसं समजावून सांगितलं. दोन्ही हातांनी काढायचा, काचा खाली करून ठेवायचा नाही, नळाखाली धरून साबणाचा एक थेंब लावून धुवायचा आणि मऊ कापडानं टिपायचा, फ्रॉकला पुसायचा नाही. घरी आल्यावर तिनं हे सगळं शालनबाईंना शिकवायला घेतलं, कारण शालनबाईंनी पहिल्याच दिवशी तिचा चष्मा पदरानं खसाखसा पुसला होता.

“आमी जलमभर पदरानंच पुसतो,” शालनबाई म्हणाल्या.

“म्हणून तुम्हाला दिसत न्हाई,” मैत्री त्यांच्याच बोलीत म्हणाली. त्यांनी तिला एक धपाटा दिला आणि दुसऱ्या दिवशी आपलाही चष्मा धुवायला तिच्याकडे दिला.

शाळेत पोरांनी चिडवलं. खेळताना एकदा काडी वाकली, ती निरंजननं गरम करून सरळ करून दिली. हे सगळं होणारच होतं आणि त्याचं मला विशेष वाटलं नाही. मला खात होतं ते दुसरंच. नेहाला मी एवढंच सांगितलं होतं की मैत्रीला नंबर आलाय, चष्मा लागला, काही दिवस पट्टी लावायचीय. पाठांतराचं सांगितलं नव्हतं. माझ्यासारखाच तिचाही डोळा, हे सांगितलं नव्हतं. माझी छाती झाली नाही.

पट्टीची वेळ ठरली दुपारी तीन ते सात. बारीक काम म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वर्तमानपत्रातल्या बातमीत जिथं जिथं ‘व’ येईल त्याचं पोट पेनानं भरायचं. मैत्रीला ते आवडलं. दुसऱ्या शिफ्टचा आठवडा आला तसा मी जाताना पेपर घडी घालून ठेवायचो आणि सकाळी उठून तपासायचो. पहिले दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. पहिल्या दोन रकान्यांतल्या ‘व’ची शाई बाहेर सांडलेली, रेघा वेड्यावाकड्या. तिसऱ्या रकान्यापासून पुढे प्रत्येक पोट अगदी नेमकं भरलेलं. एकाच हाताचं काम मध्येच असं सुधारत नाही. कचऱ्याच्या डब्यातली पट्टी काढून पाहिली. तिच्या चिकट कडेला फ्रॉकचे धागे लागले होते. काढून, कुठंतरी ठेवून, पुन्हा लावलेली पट्टी होती ती.

वेणी घालताना विचारलं. मागून विचारलं, म्हणजे तिला माझा चेहरा दिसायला नको आणि मला तिचा.

“पट्टी काढतेस का मधे?”

रिबिनीची गाठ मारून झाली तरी मी तिथंच बसून राहिलो.

“सहा वाजता,” ती म्हणाली.

“का गं?”

“पट्टी लावली की मम्मी नुसती पांढरी दिसते.”

दिवसातून एकदा, वीस मिनिटं, हातभर लांबीवर तिला आई भेटत होती. आणि मी तिला सांगत होतो की त्याच वेळी चांगला डोळा बंद ठेव. तिला शाळेत सोडून आलो आणि रिकाम्या खोलीत बसून राहिलो. चहा केला तो प्यायचा राहिला. त्या दिवशी कामावर माझ्या हातून एक खराब पीस सुटला, पुढच्या माणसाला सापडला म्हणून वाचलो.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागच्या सायकल स्टँडपाशी जाऊन नेहाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आरसा, पाठांतर, शाळेचं कार्ड, निरंजनचं दुकान, माझा डोळा. माझं संपल्यावर नुसता तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली.

एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, “तिला सांगा, पट्टी काढायची नाही. मी पांढरी दिसले तरी चालेल.”

पण सहा वाजता तिथं सांगायला कोण होतं? शालनबाईंना मी बजावलं होतं. त्यांनी हात झटकले. म्हणाल्या, “मी न्हाई म्हनते, पर ती मम्मी मम्मी करून रडाया लागली की माज्यानं बघवत न्हाई. तू सोता बस हितं.” त्यांचंही बरोबर होतं. आमचा सुपरवायझर कुलदीप गावातलाच, बोलायला मोकळा. त्याला जनरल शिफ्ट, म्हणजे कायम दिवसाचीच, मागितली. तो म्हणाला, भावा, इन्स्पेक्शनला जनरल नसते, तुला माहीत आहे, शिफ्ट फिरवायचीच.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वार्षिक मेडिकल आलं. मी बाकावर रांगेत बसलो होतो. आत तोच तक्ता, तोच खिळा. माझा नंबर आला. उजवा डोळा झाका, डॉक्टर म्हणाले. मी झाकला, आणि सवयीनं सगळी अक्षरं जिभेवर येऊन उभी राहिली.

“ई,” मी म्हणालो. तो खरंच दिसत होता, धुरकट, पण दिसत होता. मग थांबलो. “पुढचं दिसत नाही.”

डॉक्टरांनी गेल्या वर्षीचा कागद उलटून पाहिला. गेल्या वर्षी तर सगळं वाचलंत, म्हणाले. मी म्हणालो, गेल्या वर्षी पाठ होतं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

मी काही एका दिवसात हरिश्चंद्र झालो नव्हतो. मला सहाच्या आत घरी जायचं होतं, डोळ्यात नापास झालेल्याला इन्स्पेक्शनवर ठेवत नाहीत, आणि मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. नोकरी जाईल ही भीती होतीच. आठ दिवस तशाच भीतीत गेले. शेवटी मला इन्स्पेक्शनवरून काढून स्टोअरला टाकलं. स्टोअर म्हणजे खोकी मोजायची, चिठ्ठ्या लावायच्या, आणि जनरल शिफ्ट, साडेआठ ते पाच. माझं टेबल, माझा दिवा, माझं भिंग एका नव्या पोराकडे गेलं. तो भिंग उलटं धरत होता. मी त्याला सरळ करून दिलं आणि तिथून निघालो. लाइनवर आता मला कोणी हाक मारत नाही. बारा वर्षांत मिळवलेलं नाव एका वाक्यात गेलं याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी साडेपाचला घरी पोचलो तर मैत्रीनं विचारलं, आज सुट्टी होती का.

सहाला फोन आला. आमच्या खोलीत पलंगाच्या एका बाजूला भिंत आहे, त्यामुळे मी मैत्रीच्या उजवीकडे बसतो. म्हणजे तिची पट्टीची बाजू माझ्याकडे, आणि माझी मंद डोळ्याची बाजू तिच्याकडे. फोन समोर स्टुलावर, पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. मैत्रीचा हात पट्टीकडे गेला, तो मी धरून ठेवला. तिनं हिसडा दिला, रडली, मला दिसत नाही म्हणाली. नेहा म्हणाली, मी इथंच आहे बाळा, आवाज येतोय ना, सांग बघू आज डब्यात काय होतं. तिचा आवाज अगदी हसरा होता. आणि तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मग ते रोजचंच झालं. इतके महिने ती रोज सहाला तोंड धुऊन, हसू लावून फोनसमोर बसत असणार. आता पोरीला नुसतं पांढरं दिसतंय म्हटल्यावर तिला चेहरा सांभाळायची गरज उरली नाही, फक्त आवाज सांभाळायचा. ती पाढे विचारायची आणि रडायची. कविता म्हणून घ्यायची, शाब्बास म्हणायची, आणि ओढणीनं नाक पुसायची. वॉर्डात आज काय झालं, कोण गेलं, ते मला त्या चेहऱ्यावरून कळायचं. पोरीच्या डोक्यावरून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहायचो. लग्न झाल्यावरही आम्ही एकमेकांकडे इतकं पाहिलं नसेल. पण बोलता काही यायचं नाही, आणि फोन बंद झाला की तिकडे ती आणि इकडे मी, जिथल्या तिथं.

एक गोष्ट मात्र तिनं शोधून काढली. रोज ती एका कागदावर पेनानं एक अक्षर काढून कॅमेऱ्यासमोर धरायची आणि मैत्रीनं ते ओळखायचं. सुरुवातीला अख्ख्या कागदाएवढा ‘ज’. मग वहीच्या निम्म्या पानाएवढा. मग अजून लहान. रोज वेगळं, पाठ करता येऊ नये असं. मैत्री चुकायची, चिडायची, पण पट्टीला हात लावायची नाही. पेपरातल्या ‘व’ची पोटं हळूहळू नीट भरायला लागली, या वेळी पहिल्या रकान्यापासून.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी उजवा डोळा झाकला. मैत्रीनं तीन ओळी वाचल्या, चौथीतलं एक अक्षर वाचलं आणि म्हणाली, “पुढचं दिसत नाही.” बाईंनी कार्डावर काहीतरी लिहिलं आणि चांगलं चाललंय म्हणाल्या. पट्टी चालू ठेवा, अजून बरंच आहे. मला तिच्या त्या ‘दिसत नाही’चं जास्त कौतुक वाटलं. परत येताना तिला उसाचा रस पाजला.

त्यानंतर महिन्याभरानं, एका साध्या दिवशी, मैत्री नेहाला शाळेतलं काहीतरी सांगत होती. कोणाच्या तरी डब्यातले पोहे सांडले आणि बाईंनी सगळ्यांना पुसायला लावलं. नेहा हं हं करत होती, हसऱ्या आवाजात. तिचा दिवस वाईट गेला होता हे मला केव्हाच कळलं होतं. मैत्री बोलता बोलता थांबली. पुढे वाकली. फोनच्या जवळ नाही, जेवढं लांब बसायचं असतं तेवढ्यावरूनच, पण मान पुढे काढून.

“मम्मी, तू रडतीयेस.”

“नाही गं. सर्दी झालीये.”

“नाही. पाणी आलंय.” मैत्रीनं बोट पुढे करून काचेवर टेकवलं, नेहाच्या डाव्या गालावर, बरोबर तिथं. “हे बघ. इथं.”

फोन तिकडे कलंडला. आम्हाला मस्कतचं छत दिसलं, फिरणारा पंखा दिसला, आणि खूप वेळ तेवढंच दिसत राहिलं. ती तिकडे आता आवाजही सांभाळत नव्हती. मैत्री मात्र घाबरली नाही. तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं होतं आणि ते खरं निघालं होतं.

मग नेहा परत आली, लाल नाक, सुजलेले डोळे, हसतही होती. तिनं विचारलं, “अजून काय दिसतंय?”

मैत्रीनं चष्मा दोन्ही हातांनी धरून नीट बसवला, निरंजननं शिकवलं होतं तसा. “तुझ्यामागं दोरी आहे. दोरीवर टॉवेल आहे. तू कानातलं बदललंस.”

“आणि पप्पा? पप्पा काय करतायत?”

मैत्रीनं मान वळवली नाही. आईवरून नजर काढायला ती तयार नव्हती.

“पप्पा या बाजूला आहेत,” ती म्हणाली. “या बाजूचं दिसत नाही.”

मी तिच्या उजव्या हाताला बसलो होतो, पट्टीच्या बाजूला. नेहाला मी दिसत होतो, पण ती काही बोलली नाही. मी बाहीनं तोंड पुसलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पट्टी काढायला अजून अर्धा तास होता.